नागपुरातील सदनिकांची विचारपूर्वक आखणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात सदनिकांचे आराखडे आणि अंतर्गत रचना करताना घरमालकांकडून जे प्रश्न सतत येत राहतात, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्नांची सुरुवात रंग, फर्निचर किंवा एखाद्या छायाचित्रापासून होते; उत्तर शोधताना मात्र ऊन, हवा, पाणी आणि त्या घरातील माणसांचा वर्षभराचा दिनक्रम यांचाच विचार करावा लागतो. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल; जेथे दोन प्रश्न एकमेकांना भिडतात तेथे क्रमांक दिला आहे.

१. आर्किटेक्ट आणि इंटिरियर डिझायनर यांच्यात नेमका फरक काय? तयार फ्लॅटसाठी कोणाकडे जावे?

आर्किटेक्ट ही उपाधी १९७२च्या वास्तुविशारद कायद्याने संरक्षित आहे आणि काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्या व्यक्तीलाच ती लावता येते. इंटिरियर डिझायनरसाठी अशी कायदेशीर नोंदणी नाही. त्यामुळे तेथे पदवीइतकेच आधी केलेले काम महत्त्वाचे ठरते. भिंती, खिडक्या, नळजोडणी किंवा दोन सदनिका जोडणे यांसारखे बदल असतील तर आर्किटेक्ट आणि त्यांच्यासोबत स्ट्रक्चरल इंजिनिअर हवेत. भिंती जागच्या जागी ठेवून साठवण, प्रकाश, फर्निचर आणि स्वयंपाकघर बसवायचे असेल तर जाणकार इंटिरियर डिझायनर पुरेसे होतात. कोणाचीही निवड करण्यापूर्वी त्यांनी तीन-चार वर्षांपूर्वी पूर्ण केलेले एखादे घर पाहायला मागावे. नवे घर सगळ्यांचेच सुंदर दिसते. चार उन्हाळे आणि चार पावसाळे काढलेल्या घराची कपाटे, ओट्याखालची जागा आणि बाथरूमच्या बाहेरची भिंत मात्र कामाचा खरा दर्जा सांगते.

२. साधा टू बीएचके आहे. ओळखीचा सुतार आणि मिस्त्री असताना डिझायनरची गरज आहे का?

चांगल्या सुताराला लाकडाचे जे ज्ञान असते ते पुष्कळ डिझायनरांना नसते, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. अडचण कारागिरीत नसून कामांच्या क्रमात असते. पलंग कोठे येणार हे ठरलेले नसताना इलेक्ट्रिशियन बोर्ड बसवून जातो, मग बोर्ड कपाटामागे दडतो. कूलर कोणत्या खिडकीत बसणार हे कोणी विचारलेले नसते, मग तेथेच अभ्यासाचे टेबल येते. सर्वांनी एकाच कागदावरून काम करावे यासाठी आराखडा लागतो. खर्च मर्यादित असेल तर डिझायनरकडून फक्त मोजमापांसह आराखडे, विजेचा नकाशा आणि साहित्याची यादी करून घ्यावी आणि काम आपल्या सुताराकडूनच करून घ्यावे. ही पद्धत नागपुरात सहज चालते आणि ती सुचवताना आम्हाला संकोच वाटत नाही.

३. पहिल्या भेटीला जाताना काय तयारी करावी?

छायाचित्रे अवश्य न्यावीत, पण त्याआधी घराच्या एका वर्षाची यादी करावी. वर्षाचे गहू आणि तुरीची डाळ भरता का? भरत असल्यास कोठ्या किती आणि केवढ्या? उन्हाळ्यात कुरडया, पापड, सांडगे घालता का, आणि वाळवण गच्चीवर जाते की बाल्कनीत? लोणच्याच्या बरण्या कोठे राहतात? ऑक्टोबरनंतर कूलर कोठे जातो आणि मार्चनंतर रजया कोठे जातात? महालक्ष्म्या बसतात का? मुक्कामी पाहुणे वर्षातून किती दिवस असतात? घरातून काम कोण करते, पहाटे लवकर कोण उठते, कोणाला गुडघ्यांचा त्रास आहे?

या यादीतूनच घर आखले जाते. वर्षाचे धान्य भरणाऱ्या कुटुंबाला दाखवण्यापुरते चकचकीत स्वयंपाकघर दिले तर धान्याच्या कोठ्या बेडरूममध्ये येतात आणि दोन वर्षांत साऱ्या आखणीचा अर्थ निघून जातो. यादीसोबत मंजूर नकाशाची प्रत, सध्याच्या फर्निचरची मोजमापे आणि खर्चाचा प्रामाणिक आकडा न्यावा. आकडा लपवल्याने सवलत मिळत नाही. केवळ पहिले दोन आराखडे वाया जातात.

४. फी कशी ठरते? सुरुवातीलाच काय लिहून घ्यावे?

फी एकूण कामाच्या टक्केवारीने, चौरस फुटावर किंवा ठरावीक रकमेने आकारली जाते. टक्केवारीच्या पद्धतीत साहित्य महागले की फीही वाढते, म्हणून तयार फ्लॅटच्या कामासाठी आम्हाला ठरावीक रक्कम अधिक स्वच्छ वाटते. व्यावसायिक जीएसटीसाठी नोंदणीकृत असल्यास फीवर १८ टक्के कर लागतो. तो सांगितलेल्या रकमेत धरला आहे की नाही, हे विचारून घ्यावे. आराखडे किती वेळा बदलून मिळतील, कामावर देखरेखीसाठी किती भेटी होतील आणि दुकानदाराकडून कमिशन घेतले जाते का, या तीन गोष्टी लेखी असाव्यात. तिसरा प्रश्न विचारायला अवघडल्यासारखे वाटते, तरीही तो विचारावा.

५. बिल्डर सांगतो ते क्षेत्रफळ आणि प्रत्यक्ष वापरायला मिळणारी जागा यांत एवढा फरक का पडतो?

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६, म्हणजेच रेरा, यानुसार कार्पेट एरिया म्हणजे सदनिकेतील निव्वळ वापरण्याजोगे क्षेत्र. त्यात आतल्या विभाजक भिंती धरल्या जातात. बाहेरच्या भिंती, सेवानलिकांचे शाफ्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरली जात नाही. ‘सुपर बिल्टअप’मध्ये जिना, लिफ्ट, लॉबी यांचा वाटा मिसळलेला असतो. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट, एवढे लक्षात ठेवून नकाशावरील प्रत्येक खोली स्वतः मोजावी.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे क्षेत्रफळाचा आकार पाहावा. ६५० चौरस फुटांच्या दोन सदनिकांपैकी एकीत लांब अंधारा पॅसेज आणि हॉलच्या चारही भिंतींत दारे असतील, तर तेथे दिवाण टाकायला एक सलग भिंत मिळत नाही. नकाशा पाहताना प्रत्येक खोलीत दाराखिडकीविना उरलेली भिंत किती, हे पेन्सिलने मोजणे हा आमचा जुना परिपाठ आहे.

६. नागपुरात फ्लॅट कोणत्या दिशेचा चांगला?

नागपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २६ मेच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या मध्याच्या सुमारास भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडेच असतो. डिसेंबरच्या अखेरीस मात्र तो दुपारीही दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवर राहतो. याचा अर्थ असा की दक्षिणेच्या भिंतीवर मे महिन्याच्या दुपारी जवळजवळ ऊन नसते आणि थंडीत भरपूर असते. नागपूरच्या हवामानाला याहून सोयीचे दुसरे काही नाही, कारण येथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि थंडीच्या पहाटे १० अंशांच्या खाली उतरतो.

एक हिशेब उदाहरणादाखल देतो. दक्षिणेची खिडकी १२० सेंटिमीटर उंच असेल आणि तिच्या माथ्यालगत ६० सेंटिमीटर खोल छज्जा असेल, तर मार्च आणि सप्टेंबरच्या दुपारी ती पूर्ण सावलीत राहते आणि डिसेंबरच्या दुपारी तिचा खालचा अर्धा भाग उन्हात येतो. एकाच छज्जाने उन्हाळ्याची सावली आणि हिवाळ्याची ऊब दोन्ही साधतात. पश्चिमेला हा उपाय चालत नाही: मे महिन्यात दुपारी साडेचारला सूर्य जेमतेम ३० अंशांवर असतो आणि तीच खिडकी झाकायला दोन मीटरांहून खोल छज्जा लागेल. उत्तरेचा प्रकाश वर्षभर स्थिर आणि अभ्यासाला उत्तम. पण मे-जूनमध्ये सूर्य पश्चिमेच्या बराच उत्तरेला मावळतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीतही संध्याकाळी तिरपे ऊन शिरते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आमची पसंती दक्षिण आणि उत्तर अशा दोन बाजूंना उघडणाऱ्या सदनिकेला आहे. दोन समोरासमोरच्या बाजूंना खिडक्या असल्या की रात्री उशिरा गार पडलेली हवा घरातून आरपार जाते. एकाच बाजूला उघडणारा फ्लॅट कोणत्याही दिशेचा असला तरी कोंदटच राहतो. वास्तुशास्त्राच्या दृष्टीने दिशांचा प्रश्न असल्यास क्रमांक १५ पाहावा.

७. आमचा हॉल आणि बेडरूम दोन्ही पश्चिमेला आहेत. पडदे लावूनही भिंती रात्री अकरापर्यंत गरम असतात. काय करावे?

पडदा खोलीच्या आत असतो. काचेतून आलेले ऊन पडद्यावर पडेपर्यंत उष्णता घरात येऊन गेलेली असते. म्हणून ऊन काचेच्या बाहेरच अडवले पाहिजे. बाहेरून सोडता-गुंडाळता येणारे बांबूचे चिक, उभी झडप असलेली लोखंडी किंवा लाकडी चौकट, किंवा बाल्कनी असल्यास तिच्या बाहेरच्या कडेला वाळ्याची ताटी, हे सर्व उपाय महागड्या आतल्या पडद्यांपेक्षा अधिक परिणामकारक आहेत. बांबूचे काम करणारे बुरूड कारागीर हे चिक खिडकीच्या मापाने करून देतात. इमारतीच्या बाहेरील रूपात बदल होत असल्यामुळे सोसायटीला आधी कळवावे.

भिंतीसाठी दोन मार्ग आहेत. बाहेरून फिकट, ऊन परावर्तित करणारा रंग हा पहिला. दुसरा म्हणजे आतून पश्चिमेच्या भिंतीला लागून पूर्ण उंचीची कपाटे उभी करणे. कपाटातील हवा आणि कपडे उष्णतेला अडसर करतात. पलंगाची डोक्याकडची बाजू मात्र त्या भिंतीला कधीही लावू नये. नवी इमारत निवडत असाल तर भिंत कशाची आहे ते विचारावे: हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या (एएसी) ब्लॉकमधून उष्णता भाजक्या विटेपेक्षा बरीच सावकाश आत येते, तर सलग काँक्रीटच्या भिंतीतून ती वेगाने येते.

या प्रश्नाचे आपल्याकडील सर्वांत देखणे उत्तर मुंबईत आहे. चार्ल्स कोरिया यांनी आखलेली आणि १९८३मध्ये पूर्ण झालेली कांचनजंगा ही इमारत. समुद्राचा वारा आणि दृश्य पश्चिमेला, आणि दुपारचे ऊन व पावसाचा मारा यांचीही दिशा तीच. त्यांनी जुन्या बंगल्यांची ओसरी उंच इमारतीत नेली आणि दुप्पट उंचीच्या खोल गच्च्या राहत्या खोल्यांच्या पुढे ठेवल्या. आपल्या फ्लॅटची पश्चिमेची बाल्कनी त्याच ओसरीचे लहान रूप आहे, म्हणूनच ती बंद करण्याआधी क्रमांक १३ वाचावा असा आमचा आग्रह आहे.

८. शेवटच्या मजल्यावर राहतो. स्लॅब भट्टीसारखा तापतो. आतून फॉल्स सीलिंग करावे का?

आधी स्लॅबच्या वरून उपाय करावा. उघडा काँक्रीट स्लॅब दिवसभर तापतो आणि साठवलेली उष्णता रात्री खोलीत सोडतो. वर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी किंवा चांगला परावर्तक रंग दिल्यास स्लॅब मुळातच कमी तापतो. त्याखाली उष्णतारोधक थर घातल्यास फरक अधिक पडतो. निवासी इमारतींसाठीच्या २०१८च्या इको निवास संहितेने छतातून होणाऱ्या उष्णतावहनाची कमाल मर्यादा प्रति चौरस मीटर प्रति अंश १.२ वॅट ठेवली आहे. उघड्या स्लॅबचा आकडा त्याच्या दुपटीहून अधिक असतो.

वरचा उपाय करायला परवानगीच मिळत नसेल, तर आतून फॉल्स सीलिंगच्या वर उष्णतारोधक थर घालावा. नुसते जिप्सम पुरेसे नाही. खोलीची उंची तपासावी. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर असावी लागते, आणि पंख्याची पाती जमिनीपासून २.४ मीटरच्या खाली आणू नयेत. गच्ची बहुतेक इमारतींत सामाईक मालकीची असते, त्यामुळे संमती लेखी घ्यावी.

९. कूलर लावावा की एसी? डिझायनर म्हणतात कूलरमुळे घराची शोभा जाते.

नागपूरच्या घराच्या आखणीत कूलरची जागा न धरणे ही आमच्या मते गंभीर चूक आहे. एप्रिल-मेमधील दुपारची हवा इतकी कोरडी असते की बाष्पीभवनाने ती १० अंशांहून अधिक गार होऊ शकते, आणि त्यासाठी लागणारी वीज दीड टनी एसीच्या तुलनेत अगदी थोडी असते. पावसाळा लागून हवेत दमटपणा आला की हाच कूलर निरुपयोगी होतो. म्हणून दोन्हींची सोय असावी: दिवसाच्या खोल्यांना कूलर, झोपण्याच्या किमान एका खोलीला एसी.

कूलरसाठी आराखड्यात पाच गोष्टी लागतात. बाहेरची ताजी हवा मिळेल अशी खिडकी, तिच्याबाहेर इंजिनिअरने तपासलेला आधार, हाताशी पाण्याची तोटी, सांडपाण्याची नळी आणि समोरच्या बाजूला हवा बाहेर जाण्याची वाट. शेवटची गोष्ट सर्वाधिक विसरली जाते. खोली बंद करून कूलर चालवला की तासाभरात चिकचिक होते. कूलरच्या झोतात प्लायवूडचे कपाट ठेवू नये, ते फुगते. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून कोरडी करावी, कारण डेंग्यू पसरवणारा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो.

एसीचा बाहेरचा भाग बंद शाफ्टमध्ये कोंबू नये. तेथे गरम हवा पुन्हा पुन्हा फिरते आणि नेमक्या सर्वांत उष्ण दुपारी यंत्र दमते.

१०. ओट्याची उंची किती ठेवावी? दुकानदार सरसकट एकच माप देतो.

घरात सर्वांत जास्त वेळ स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीने उभे राहून कोपर काटकोनात वाकवावे. कोपरापासून १० ते १५ सेंटिमीटर खाली ओटा यावा. पाच फूट उंचीच्या व्यक्तीसाठी हे माप साधारण ८२ ते ८५ सेंटिमीटर येते. शेगडी ओट्यावर ठेवायची असेल तर तिची उंची वर वाढते आणि पुरण शिजवताना किंवा मोठ्या पातेल्यात ढवळताना खांदे उचलले जातात. तेथे ओटा थोडा खाली घ्यावा.

गॅस सिलिंडरच्या कप्प्याला खालच्या बाजूने हवेची झरोके असावेत, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळती झाल्यास तळाशी साचतो. चिमणी बसवली तरी खिडकी राहू द्यावी. खिडकी झाकून वरपर्यंत कपाटे करण्याचा आग्रह आम्ही नेहमी मोडून काढतो.

११. सागवान घ्यावे की प्लायवूड? वाळवीचे काय?

चौकटी, दारे आणि देवघर यांसाठी सागवानाला पर्याय नाही, आणि बल्लारशा-आलापल्लीच्या जंगलांचा ‘सीपी’ (जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रांताचा) सागवान आपल्या जवळचाच आहे. लकडगंजात लाकूड घेताना ते पुरेसे वाळलेले आहे का, हे पाहणे जातीइतकेच महत्त्वाचे. कपाटांसाठी प्लायवूड सोयीचे. आयएस ३०३ हे सर्वसाधारण प्लायचे मानक आहे, आयएस ७१० हे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचे. सिंकखाली आणि बाथरूमच्या भिंतीला लागून मरीन वापरावे. बेडरूमच्या कपाटाला ते लावणे हा अनावश्यक खर्च आहे.

नागपुरात लाकूड मे महिन्यात आकसते आणि जुलै-ऑगस्टमध्ये फुगते. भर उन्हाळ्यात अगदी घट्ट बसवलेले दार पावसाळ्यात लागेनासे होते, म्हणून सुताराला फट सोडायला सांगावे. वाळवीसाठी कपाटाची मागची बाजू आणि तळ भिंतीला टेकण्यापूर्वी औषध मारून घ्यावे. नंतर तेथे हात पोहोचत नाही.

१२. आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. टू बीएचकेमध्ये तीन दिवस ही सगळी मांडणी आणि पंगत कशी बसवायची?

हा प्रश्न येतो तेव्हा आम्हाला मनापासून आनंद होतो, कारण तो घराच्या खऱ्या वापराबद्दलचा आहे. भाद्रपदातील हे तीन दिवस विदर्भातील पुष्कळ घरांत वर्षातील सर्वांत मोठे असतात: उभ्या महालक्ष्म्या, मखर, फुलोरा, पुरणाचा स्वयंपाक, सोळा भाज्या आणि जेवायला येणारे चाळीस-पन्नास जण.

हॉलमध्ये एक सलग भिंत निवडून तिच्यापुढे वर्षभर हलवता येईल असेच फर्निचर ठेवावे. टीव्हीचे भिंतभर कायमस्वरूपी युनिट तेथे करू नये. त्या भिंतीवर मखराच्या दिव्यांसाठी उंचावर एक आणि खाली एक असे वेगळे पॉइंट द्यावेत, म्हणजे तारा जमिनीवरून ओढाव्या लागत नाहीत. छताला दोन मजबूत हुक स्लॅबमध्ये आधीच बसवून घ्यावेत. हॉल आणि जेवणाची जागा यांच्यामध्ये पक्के विभाजन टाळले तर पाटांची एक लांब रांग मिळते. मुखवटे, साड्या, कोठ्या आणि मखर यांच्यासाठी माळ्यावर बंद, कोरडा आणि शिडी न हलवता पोहोचता येईल असा कप्पा ठेवावा.

उरलेले ३६२ दिवस हीच मोकळी भिंत मुलांना खेळायला आणि पाहुण्यांना गादी टाकायला उपयोगी पडते.

१३. बाल्कनी काचेने बंद करून हॉल मोठा करायचा आहे. हरकत आहे का?

मंजूर नकाशात उघडी असलेली बाल्कनी बंद करणे हा नकाशातील बदल आहे आणि त्यासाठी आपल्या भागातील नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागते. शेजाऱ्यांनी केले आहे, हे उत्तर चालत नाही. कायद्याचा भाग बाजूला ठेवला तरी हॉलची खिडकी त्यानंतर काचेच्या पेटीत उघडते, हवा थांबते आणि बाल्कनीने अडवलेले ऊन थेट खोलीच्या दारात येते. वाळवण, कपडे आणि थंडीतले कोवळे ऊन या तिन्हींची जागा जाते. पाऊस आत येतो ही अडचण असेल तर गुंडाळता येणारे जाड कापडी आवरण पुरते. मुलांच्या सुरक्षिततेसाठी ग्रील लावायची असल्यास तिचा एक भाग आतून उघडता यावा; आग लागल्यास सुटकेची तीच वाट असू शकते.

१४. बाल्कनीत मातीचे वाफे करून भाजी लावली तर चालेल का?

राहत्या खोल्यांचे मजले साधारणपणे प्रति चौरस मीटर २०० किलो आणि निवासी बाल्कन्या ३०० किलो भार धरून आखलेल्या असतात. पाण्याने भिजलेल्या मातीचा एक फुटाचा थर सलग पसरला तर तेवढ्याच जागेवर ५०० किलोच्या आसपास वजन होते. म्हणून सलग वाफा नको. कोकोपीट मिसळलेल्या हलक्या मिश्रणाच्या कुंड्या भिंतीच्या बाजूला ठेवाव्यात, बाहेरच्या कडेला नकोत. हाच हिशेब हजार लिटरच्या टाकीला लागू पडतो: तिच्यातील पाणीच एक टन असते.

१५. वास्तुशास्त्र आणि आर्किटेक्टचे म्हणणे जुळत नाही. कोणाचे ऐकावे?

ज्या नियमांवर आपली श्रद्धा आहे ते पहिल्याच भेटीत सांगावेत आणि ते महत्त्वाच्या क्रमाने लावून द्यावेत. स्वयंपाकघर आग्नेयेस, देवघर ईशान्येस यांसारख्या दोन-तीन गोष्टी बहुधा जुळवता येतात, आणि त्या जुळल्याने घरातील माणसाला मिळणारे समाधान हा आखणीचाच भाग आहे. तयार फ्लॅटमध्ये दहा नियम एकाच वेळी पाळता येत नाहीत. जेथे नियमासाठी खिडकी बुजवावी लागते, तुळई कापावी लागते किंवा शौचालय खालच्या कुटुंबाच्या स्वयंपाकघरावर न्यावे लागते, तेथे आम्ही नकार देतो.

१६. आई-वडील सोबत राहायला येणार आहेत. काय बदलावे?

बाथरूमपासून सुरुवात करावी. घसरट नसलेली फरशी, कमोडशेजारी आणि नळाजवळ भिंतीत पक्के बसवलेले धरायचे दांडे, बाहेर उघडणारे दार आणि बाहेरूनही उघडेल अशी कडी, एवढे पहिल्या आठवड्यातच करून घ्यावे. दारांची मोकळी रुंदी शक्य तेथे ९० सेंटिमीटर ठेवावी, म्हणजे पुढे व्हीलचेअर लागली तरी अडणार नाही. पलंगावरून हात पोहोचेल असा दिव्याचा बटण आणि बाथरूमपर्यंत जमिनीलगत मंद दिवा असावा. त्यांना दक्षिणेच्या खिडकीची खोली द्यावी (क्रमांक ६). थंडीतल्या सकाळी तेथे बसता येते.

१७. भाड्याच्या घरात कितपत खर्च करावा?

सोबत नेता येईल तेवढाच. सुटी कपाटे, बाहेरचे चिक, उभे दिवे, उत्तम गादी आणि अभ्यासाची खुर्ची. भिंतीला खिळलेल्या वस्तूंवर पैसे घालू नयेत.

१८. नव्या इमारतीत दोनच वर्षांत भिंतींना भेगा पडल्या आहेत. घाबरण्यासारखे आहे का?

भेग कोठे आणि कशी आहे त्यावर हे अवलंबून आहे. काँक्रीटचा खांब आणि वीट यांच्या सांध्यावरची सरळ बारीक रेष किंवा प्लास्टरवरील केसासारख्या रेषा बहुधा वरवरच्या असतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी जाणारी, रुंदावत जाणारी भेग मात्र गंभीरपणे घ्यावी. नागपूरच्या मोठ्या भागात काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, आणि पाया त्या थराच्या खाली पक्क्या जमिनीवर नेलेला नसेल तर इमारत तिच्याबरोबर हलते. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहावी आणि पावसाळ्यापूर्वी व नंतर पुन्हा पाहावी. खुणेच्या पुढे भेग गेली असेल तर इंटिरियरचे काम थांबवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील दोष लेखी कळवल्यास रेरा कायद्यानुसार विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यावा लागतो. तेव्हा भेगेवर पुट्टी भरण्यापूर्वी छायाचित्रे काढून पत्र पाठवावे.

१९. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधील भिंत काढता येईल का?

इमारत कोणत्या पद्धतीची आहे त्यावर उत्तर बदलते. खांब-तुळयांच्या इमारतीत मधली विटांची भिंत सहसा भार घेत नाही. तरी तिच्यातून गेलेले नळ आणि तारा तपासाव्या लागतात. महाल किंवा धरमपेठेतील जुन्या, विटांच्या जाड भिंतींवर उभ्या इमारतींत मात्र तीच भिंत वरचा मजला पेलत असू शकते. तिसरा प्रकार अलीकडचा आहे आणि त्यातच सर्वाधिक फसगत होते: ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या इमारतींत आतल्या बहुतेक भिंती काँक्रीटच्या आणि इमारतीचा भार वाहणाऱ्या असतात. तेथे भिंत काढणे दूरच, नळासाठी खोल खाच पाडणेही चालत नाही. टकटक करून अंदाज बांधू नये. बिल्डरकडून संरचनेचे नकाशे मागवावेत.

बाथरूम हलवण्याबाबतही हेच. बाथरूमखालचा स्लॅब खोलगट टाकलेला असतो. दुसऱ्या खोलीत तो खोलगटपणा नसतो, त्यामुळे तेथे फरशी उचलावी लागते आणि गळती थेट खालच्या घरात उतरते.

२०. शेजारचा फ्लॅट विकत घेऊन दोन्ही एक करायचे आहेत. भिंत फोडली की झाले ना?

भिंत फोडणे हे या कामातील शेवटचे पाऊल आहे. आधी पाहावे की इमारत कोणत्या कायद्याखाली नोंदवली आहे. नागपुरातील अनेक इमारती सहकारी सोसायटी नसून महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा, १९७० याखाली घोषणापत्राद्वारे नोंदवलेल्या आहेत. इमारतीच्या मजबुतीला किंवा मूल्याला बाध येईल असे काम सदनिकाधारकाने करू नये, असे हा कायदा सांगतो. घोषणापत्रात प्रत्येक सदनिकेचा सामाईक मालमत्तेतील हिस्साही स्वतंत्र लिहिलेला असतो. एका फ्लॅटवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती लागते, कारण तारण ठेवलेल्या मालमत्तेचे स्वरूप बदलते. त्यानंतर क्रमांक १९प्रमाणे भिंतीची तपासणी आणि नियोजन प्राधिकरणाची मंजुरी.

आराखड्यात आमचा सल्ला असा असतो की दोन फ्लॅटमधील उघडीप एका दाराएवढीच ठेवावी, दोन्ही मुख्य दारे, दोन्ही वीजमीटर आणि दोन्ही नळजोडण्या कायम ठेवाव्यात, आणि दुसऱ्या स्वयंपाकघराच्या जागी काहीही केले तरी तेथील पाण्याची व सांडपाण्याची तोंडे बंद करून भिंतीत जपून ठेवावीत. दहा-पंधरा वर्षांनी मुलगा किंवा मुलगी वेगळा संसार मांडणार असेल, किंवा एक भाग विकायची वेळ आली, तर ते दार विटांनी भरून दोन दिवसांत पुन्हा दोन घरे होतात.